डॉक्टरीणबाईंच्या घरी स्वयंपाक कोण करत होतं?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आनंदीबाई जोशी यांच्या जयंतीच्या निमित्तानं आपल्या रविवारच्या पुरवणीत आद्य स्त्री डॉक्टरांवर पानभर मजकूर आला. चार-पाच जणींची माहिती, पदव्या, सालं, सगळं व्यवस्थित होतं. तरी पान वाचून झाल्यावर माझी चिडचिड झाली आणि ती का झाली हे कळवायला हे पत्र लिहिते आहे. पत्र लांबलंय याची कल्पना आहे. कात्री लावायचीच तर खुशाल लावा, फक्त माईंचा भाग तेवढा ठेवा.

लेखात प्रत्येकीच्या माहितीला शेवटी घराचं एकेक वाक्य जोडलंय. एकीनं संसार सांभाळून हे यश मिळवलं, दुसरीच्या पाठीशी पती खंबीरपणे उभे राहिले, तिसरीनं घरच्यांचा विरोध पत्करला. झालं, संपलं घर. कॉलेजातल्या चार वर्षांना दहा ओळी आणि घरातल्या उभ्या जन्माला एक. चूल कोण पेटवत होतं, पोर कोणाच्या मांडीवर होतं, रात्री-अपरात्री घरी आल्यावर दार कोण उघडत होतं आणि मिळालेली फी शेवटी कोणाच्या पेटीत पडत होती, यातलं काही नाही. मी अभ्यासक नाही, बँकेतून निवृत्त झालेली बाई आहे. पण आयुष्य खातेवह्यांत गेलं, त्यामुळे जमेची बाजू दिसली की खर्चाची बाजू कुठाय, असं आपोआप विचारते.

आता गोपाळराव जोशी. ‘खंबीरपणे पाठीशी’ हे वाक्य आपल्या लेखकानं त्यांच्यासाठी वापरलंय. बायकोला शिकू देणार असाल तरच लग्न करतो, ही त्यांची अट खरी. नऊ वर्षांच्या मुलीला त्यांनी शिकवलं, पोस्टातली नोकरी करत अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता असं बदल्यांमागे हिंडताना शिकवलं, आणि १८८३ साली स्वतः मागे राहून तिला बोटीत बसवून अमेरिकेला पाठवलं, हेही खरं. पण शिकवलं कसं? आनंदीबाईंनीच अमेरिकेतून त्यांना एका पत्रात त्याचा जाब विचारलाय. दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी खाल्लेला मार, बाराव्या वर्षी अंगावर आलेली पुस्तकं आणि खुर्च्या, पुढे सोडून जाण्याच्या धमक्या, हे सगळं त्यांनी वर्षावार लिहिलंय. तुमचं वागणं चांगलं म्हणू की वाईट, हे ठरवणं फार कठीण आहे, असंही त्यात आहे. ज्या मुलीचं दहा दिवसांचं मूल चौदाव्या वर्षी गेलं, तिचं हे पत्र आहे. काशीबाई कानिटकरांनी आनंदीबाईंचं चरित्र आणि पत्रव्यवहार त्या गेल्यावर थोड्याच वर्षांत छापला. म्हणजे ही कागदपत्रं काल-परवा कुणी उकरून काढलेली नाहीत. पुण्यात बसून लिहिणाऱ्याला ती माहीत नसावीत, हे पटत नाही.

गोपाळराव वाईट होते, असं मला म्हणायचं नाही. ते फार चमत्कारिक होते. १८९० मध्ये पंचहौदच्या ख्रिस्ती मिशनमध्ये पुण्यातल्या बड्या मंडळींना बोलावून चहा पाजणारे आणि मग चहा घेणाऱ्यांची नावं ‘पुणे वैभव’ या पत्रात छापून आणून रानडे-टिळकांपर्यंत सगळ्यांना प्रायश्चित्ताच्या भानगडीत अडकवणारे ते हेच गोपाळराव. असा माणूस चोवीस तास घरात असणं म्हणजे काय, याचा अंदाज ज्यानं-त्यानं करावा. तुमचा लेख मात्र त्यांना सत्काराची शाल पांघरून मोकळा झाला.

आणि आनंदीबाईंच्या आजीचं काय? गोपाळरावांची बदली अलिबागला झाली तेव्हा दहा वर्षांच्या नातीबरोबर घर बघायला आजी गेली होती. नात पुस्तकाशी बसायची तेव्हा तांदूळ कोण निवडत होतं, ते यावरून कळतं. तुमच्या पानावर त्या म्हातारीला जागा नाही. पुढे फिलाडेल्फियात आजी नव्हती, तर धुरकट खोलीत थंडीनं कुडकुडत, शाकाहार न सोडता, कॉलेज करून आनंदीबाई स्वतःचं स्वतः रांधत होत्या. त्या देशात त्यांना घर म्हणावं असं मिळालं ते रोझेलच्या कार्पेंटरबाईंचं. दाताच्या डॉक्टरकडे बसल्या असताना या बाईंच्या हाती एक मासिक पडलं आणि त्यातलं गोपाळरावांचं पत्र वाचून त्यांनी हिंदुस्थानातल्या एका अनोळखी मुलीला पत्र लिहायला घेतलं. आनंदीबाई त्यांना मावशी मानायच्या. ११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली, कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची नेमणूकही झाली, पण ती जागा घेण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ ला त्या इथे, पुण्यात गेल्या. वय बावीससुद्धा पुरं नव्हतं. अस्थी अमेरिकेत पाठवल्या गेल्या आणि कार्पेंटरबाईंनी त्या आपल्या माणसांच्या दफनभूमीत ठेवून घेतल्या. लेखात या बाईंचा उल्लेख ‘एक अमेरिकन महिला’ असा आहे.

आता आमच्या घराबद्दल. माझ्या आजेसासूबाई १९२८ साली मुंबईहून एल.सी.पी.एस. ही डॉक्टरकीची परीक्षा पास होऊन आल्या आणि नारायण पेठेतल्या वाड्यात, ओटीवर पडदा लावून त्यांनी दवाखाना सुरू केला. आनंदीबाईंच्या मानानं हा काळ पुष्कळ अलीकडचा, त्यामुळे त्यांना ‘आद्य’ वगैरे म्हणवत नाही. पण आमच्या गल्लीपुरत्या त्या पहिल्याच. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या हयात नव्हत्या. माझी सगळी माहिती सासूबाईंकडून आलेली, म्हणजे डॉक्टरीणबाईंच्या सुनेकडून. तेव्हा थोडं मीठ-मसाल्याचं असेल, पण सासूबाईंचा स्वभाव मीठ कमी घालण्याचाच होता.

डॉक्टरीणबाईंची नणंद, माई, बालविधवा. लाल आलवण, सोवळं, डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही. घरचा सगळा स्वयंपाक माईंचा. डॉक्टरीणबाईंची तिन्ही मुलं माईंच्या कुशीत झोपली, माईंच्या हातचं जेवली. मुलं आईला ‘वहिनी’ म्हणायची, कारण घरात सगळे तेच म्हणायचे, आणि काही दुखलं-खुपलं तर माईंकडे जायची. आई डॉक्टर असून! सासूबाई सांगायच्या की माझ्या सासऱ्यांना लहानपणी गोवर आला तेव्हा वहिनींनी येऊन नाडी बघितली, जीभ बघितली, औषध लिहिलं आणि त्या कॉलला निघून गेल्या. उशाशी रात्रभर माई बसल्या. वर वहिनी परत आल्यावर त्यांना ऊन-ऊन भात वाढायलाही माईच उठल्या.

माईंना या डॉक्टरकीचा अभिमान होता का? सासूबाईंच्या मते अजिबात नव्हता. माईंना तो उद्योग घाणेरडाच वाटायचा. आणि इथे परसदारच्या न्हाणीचं सांगायला हवं, कारण मला तरी त्या काळातल्या स्त्री डॉक्टरचं घर सगळ्यात जास्त तिथेच दिसतं. बाळंतपणाचा विटाळ, सुवेर. बाळंतिणीला हात लावून आलेली बाई पुढच्या दारानं घरात येऊच शकत नसे. डॉक्टरीणबाई टांग्यातून उतरायच्या, बोळातून मागे जायच्या, परसात हौदाशेजारी आडोसा होता तिथे लुगडं सोडून, डोक्यावरून पाणी घेऊन मगच आत पाऊल टाकायचं. तांब्याचा बंब होता, पण रात्री दोनला बंब कोण पेटवणार? मग गार पाणी. डिसेंबरातसुद्धा. एका रात्रीत दोन कॉल आले तर दोन आंघोळी. केस वाळायचे नाहीत म्हणून त्यांना बारमाही सर्दी असायची आणि त्या स्वतःलाच निलगिरीचा वाफारा घेत बसायच्या. बॅग कधीच घरात यायची नाही, तिच्यासाठी ओटीवर वेगळा कोनाडा. हत्यारं उकळायचं पातेलं वेगळं, त्याची शेगडी वेगळी, कोळसाही वेगळ्या डब्यातला. माई त्याच्या वाऱ्यालाही उभ्या राहत नसत. पण त्याच माई परसात कोरडं लुगडं आणि पंचा आधीच टांगून ठेवायच्या. टांग्याची घंटा कोपऱ्यावर वाजली की झोपेतून उठून कडी काढायच्या आणि शिवाशिव नको म्हणून चार हात मागे सरून उभ्या राहायच्या. याला पाठिंबा म्हणायचं की विरोध, हे तुमच्या लेखकानं मला सांगावं.

कॉलेजात जंतूंचा सिद्धांत शिकून आलेली बाई धर्माच्या नावानं ही आंघोळ करत होती, हे मला आधी फार विचित्र वाटायचं. सासूबाईंना मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, “अगं, वहिनी म्हणायच्या, कारण काही का असेना, अंगावर पाणी पडतंय ना, मग वाद कशाला घाला.” शहाणपण आहे की थकवा, मला ठरवता येत नाही.

डॉक्टरीणबाईंचे यजमान शाळेत मास्तर. त्यांचा पाठिंबाही सांगते, कारण तो खरा होता. रात्रीच्या कॉलला एकट्या बाईमाणसानं जायचं नाही म्हणून ते कंदील घेऊन बरोबर जायचे आणि बाळंतपण होईस्तोवर त्या घराच्या ओसरीवर बसून मुलांच्या वह्या तपासायचे. पहाटे घरी, दहाला शाळेत. कित्येक वर्षं हे चाललं. पण याच मास्तरांनी उभ्या जन्मात पाण्याचा तांब्या हातानं भरून घेतला नाही. कॉलवरून दोघं बरोबरच यायची. त्या मागच्या दारी न्हायला, हे पुढच्या दारानं येऊन पाटावर.

एक गंमत. दुसऱ्यांच्या घरी जाऊन “सुईण नको, मला बोलवा” असं कंठशोष करून सांगणाऱ्या आमच्या डॉक्टरीणबाईंच्या स्वतःच्या धाकट्या लेकाच्या बाळंतपणाला मात्र सुईण होती. त्यांच्या सासूचा हुकूम. शेजारच्या बोळातली, जिच्याशी धंद्यावरून यांची रोज वादावादी, तीच. सासूबाई सांगायच्या की कळा येत असतानासुद्धा वहिनी तिला नखं कापायला लावत होत्या, साबणानं हात धुवायला लावत होत्या. तिनं धुतलेही म्हणे, पण जन्मभर ती गोष्ट ती गल्लीत सांगत फिरली, आणि तिच्या सांगण्यात शेवट वेगळा असायचा.

पैशाचं सांगते. डॉक्टरीणबाईंची एक बाळंतपणांची वही माझ्याकडे आहे. रकाने त्यांनीच आखलेले. तारीख, वेळ, वाड्याचं नाव, मुलगा की मुलगी, टाके, टांगाभाडं, फी. कुठे पाच रुपये, कुठे दहा, कुठे नुसताच ‘नारळ व खण’, कुठे ‘पुढील महिन्यात’, आणि तो पुढचा महिना पुष्कळदा वहीत येतच नाही. फीच्या रकान्याशेजारी दुसऱ्या हातानं, मोडी लिपीत, एक बारीक नोंद आहे. ती त्यांच्या सासऱ्यांची. पैसे पावले, म्हणून दर नोंदीला खूण. म्हणजे बाईंनी रात्रभर जागून मिळवलेले पाच रुपये सकाळी सासऱ्यांच्या हातात जायचे आणि ते मोजून, खूण करून पेटीत टाकायचे. टांगाभाडंही त्यांच्याकडूनच मागून घ्यायचं. बँकेतल्या भाषेत सांगायचं तर खातं बाईंच्या नावावर, सही दुसऱ्याची. सासरे १९४१ साली गेले. त्यानंतर मोडीतल्या खुणा थांबतात आणि त्या जागी मास्तरांची देवनागरीतली सुरू होते. बाईंची स्वतःची खूण त्या रकान्यात कुठेच नाही.

हे आमच्याच घरचं वैशिष्ट्य होतं असंही नाही. बंगालातल्या हैमवती सेन बालविधवा, पुन्हा लग्न केलं, कलकत्त्याच्या कॅम्पबेल मेडिकल स्कूलमधून शिकल्या आणि चिनसुऱ्याला बायकांच्या दवाखान्यावर नेमणूक झाली. परीक्षेत पहिल्या आल्या, तर बाईला सुवर्णपदक द्यायचं म्हणून बरोबरच्या मुलांनी दंगा केला. हे सगळे लिहितात. पण त्यांनी स्वतः आठवणी लिहून ठेवल्यात, त्यात पगार नवऱ्याच्या हाती जायचा, घरचं काम उरकूनच कामावर जायचं आणि मारही खायचा, हे साधेपणानं लिहिलंय. नवऱ्याला ईश्वरचिंतनाची आवड, कमाईची नाही. हे फारसं कुणी छापत नाही.

कलकत्त्याच्याच डॉक्टर कादंबिनी गांगुलींचं उलट. नवरा द्वारकानाथ खरोखरच भांडून पुढे नेणारा. सावत्र नि स्वतःची मिळून आठ मुलांचं घर. १८८८ साली फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं एका पत्रात या बाईंची चौकशी करताना कौतुकानं लिहिलं होतं की बाळंतपणासाठी त्या फक्त तेरा दिवस गैरहजर राहिल्या. तेरा दिवस! कौतुक करणारीला मूल नव्हतं, एवढंच मी म्हणेन. चौदाव्या दिवशी ते तान्हं कोणाकडे ठेवून बाई वर्गात जाऊन बसल्या? घरात कोणी तरी होतंच ना? कॉलवर घोडागाडीतून जाताना त्या लेस विणत बसायच्या, असंही सांगतात. बाहेर हिंडणारी बाई म्हणून ‘बंगबासी’ या पत्रानं त्यांना नको त्या शब्दांत हिणवलं तेव्हा त्यांनी खटला गुदरला आणि संपादकाला सहा महिन्यांची सजा झाली. लेस विणण्याचं आणि या शिवीचं काही नातं असावं, असं मला फार वाटतं. हात रिकामे दिसले की बोलायला लोक मोकळे.

रखमाबाईंवर तुमच्याकडे एक अख्खा चौकोन आहे आणि तो सगळा खटल्यानं भरलाय. नवरा दादाजी भिकाजी यानं नांदायला येत नाही म्हणून दावा लावला, १८८७ मध्ये कोर्टानं नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असं सांगितलं, त्यांनी तुरुंग पत्करते म्हटलं, १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, मग लंडन, मग १८९४ मध्ये डॉक्टर. बरोबर. पण नांदायला न जाता इतकी वर्षं राहिल्या कुठे? आईच्या घरी. आई जयंतीबाई स्वतः विधवा होऊन पुनर्विवाह केलेल्या, सावत्र वडील डॉक्टर सखाराम अर्जुन. वैद्यकी कानावर पडत असलेलं, पुस्तकं असलेलं घर. खटला चालू असताना डॉक्टर सखाराम अर्जुन १८८५ साली वारले, म्हणजे त्यानंतर ते घर एका दुसऱ्यांदा विधवा झालेल्या बाईचं होतं, आणि मुलीच्या बदनामीचा मारा गावभरातून, आपल्या पुण्याच्या पत्रांतूनसुद्धा, त्या घरावर होत होता. लेक न्यायाधीशापुढे ताठ उभी राहिली ते आपण सांगतो. आईनं दार लावून घेतलं नाही, हे कोणी सांगायचं? पुढे सुरत आणि राजकोटला रखमाबाईंनी पस्तीसेक वर्षं नोकरी केली. लग्न केलं नाही. आणि ज्या नवऱ्याला नाकारण्यासाठी तुरुंगाची तयारी ठेवली, तो १९०४ मध्ये वारल्यावर त्यांनी विधवेची पांढरी वस्त्रं नेसली, असं त्यांच्या चरित्रांत येतं. कोर्टात सुटलेली गाठ घरात सुटली नव्हती की काय. की एकट्या बाईला परगावी नोकरी करायला तो वेशच सोयीचा पडत होता? मला दुसरं जास्त खरं वाटतं, पण ते माझं मत.

आता सासूबाईंचं सांगते आणि आवरते. त्या १९४९ साली या घरात आल्या. मॅट्रिक झालेल्या, कॉलेजात नाव घातलेलं, इंटर सायन्स करून पुढे डॉक्टर व्हायचं डोक्यात. डॉक्टरीणबाईंची सून होणार म्हणून माहेरी सगळे खूश, आता काय, घरचीच वाट. माई तोवर थकल्या होत्या, डोळ्यांत मोतीबिंदू. लग्नानंतर पहिल्याच जूनमध्ये सासूबाईंनी कॉलेजचा विषय काढला तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “तू गेलीस तर माझ्या मागे घर कोण बघणार?” रागानं म्हणाल्या नाहीत. बॅगेत हत्यारं भरता भरता म्हणाल्या आणि कॉलला निघून गेल्या. सासूबाईंचं कॉलेज तिथे संपलं. मग पुढची वर्षं त्या वेगळ्या शेगडीवरचं पातेलं त्यांनीच उकळलं. सुया मोजणं, रबराचे हातमोजे पावडर लावून वाळत घालणं, टाक्याचा दोरा संपला की केमिस्टकडे चिठ्ठी पाठवणं, ओटीवर बसलेल्या बायकांना नंबर देणं, सगळं त्यांनी केलं. नाडी बघून ताप अंदाजे सांगायच्या, आणि तो पारा लावल्यावर जुळायचा. आमच्या नातेवाईकांत त्यांची ओळख शेवटपर्यंत ‘डॉक्टरीणबाईंची सून’ एवढीच राहिली.

डॉक्टरीणबाईंना मी दोष देत नाही. ज्या बाईला स्वतःच्या फीवर खूण करता येत नव्हती, तिनं सुनेच्या कॉलेजची फी कुठून काढली असती, हाही प्रश्न आहेच. पण पुरवणीत ‘एका स्त्रीमुळे पुढच्या स्त्रियांसाठी वाट मोकळी झाली’ असं वाक्य वाचलं तेव्हा मला परसातली ती शेगडी आठवली. आमच्या घरात तरी एकीची वाट दुसरीच्या पाठीवरून गेली. आधी माईंच्या, मग सासूबाईंच्या. हे लिहिल्यानं डॉक्टरीणबाई लहान होतात असं मला वाटत नाही. त्यांनी त्या वहीत नोंदवलेली बाळंतपणं कुणी नाकारू शकत नाही, आणि आई दगावल्याच्या नोंदी त्यांत फार थोड्या आहेत.

ती वही वाचली कशी, तेही सांगते, कारण त्यात एक विनंती आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा नारायण पेठेत आमच्या वाड्याचा तळमजला बुडाला. ओटीवरचा दवाखाना, औषधांचं कपाट, तीस-बत्तीस वर्षांच्या वह्या, सगळा लगदा झाला. ही एक वाचली, कारण तिची मागची पानं कोरी होती म्हणून सासूबाईंनी ती माडीवर स्वयंपाकघरात दुधाच्या हिशेबाला घेतली होती. पुढून उघडली तर बाळंतपणं, मागून उघडली तर दूध, सकाळी दीड शेर, संध्याकाळी अर्धा. मधे कुठेतरी दोन्ही हिशेब एकमेकांना भिडतात. कुठल्याशा चातुर्मासात माईंचं वेगळं दूध लिहिलंय, त्या एकभुक्त असायच्या म्हणून.

पेठांतले वाडे आता भराभर बिल्डरकडे जाताहेत. माळे रिकामे करताना ट्रंका रद्दीवाल्याला दिल्या जातात, बरं काही असलं तर रविवारी जुन्या बाजारात पोचतं. पेशव्यांच्या घोड्यांना किती चंदी लागायची याचे कागद आपण या शहरात रुमालात बांधून जपलेत, त्यावर लोक पीएच.डी. करतात. बाईच्या दवाखान्याच्या वहीला मात्र किलोचा भाव. आपल्या वाचकांत अशी पुष्कळ घरं असतील जिथे एखादी आत्या, आजी, पणजी ससून रुग्णालयात शिकलेली नर्स होती, सेवासदनातून सुईणपणाचं शिक्षण घेतलेली होती, डॉक्टर होती. त्यांना आपल्या पत्रातून सांगावं की कागद फेकू नका. आणि नुसत्या पदवीच्या प्रमाणपत्राची फ्रेम ठेवून बाकीचं काढून टाकू नका. दुधाच्या, वाण्याच्या, धोब्याच्या वह्या बघा, पत्रं बघा, मागच्या बाजूला काय लिहिलंय ते बघा. आमच्या वहीच्या छायाप्रती मी काढून घेतल्यात. पुरवणीच्या लेखकांना हव्या असतील तर कार्यालयात आणून देईन. मूळ वही देणार नाही. मोडीतल्या खुणा वाचून देणारे कोणी जाणकार आपल्या ओळखीत असतील तर उपकार होतील. बाजूला आणखीही काही लिहिलंय आणि मला त्यातलं ‘पावले’पलीकडे लागत नाही.

जाता जाता एक दुरुस्ती. लेखाबरोबरचा तो १८८५ सालचा प्रसिद्ध फोटो, त्याखाली आपण ‘आनंदीबाई जोशी, मैत्रिणींसमवेत’ एवढंच छापलंय. मधे बसलेल्या जपानच्या केइ ओकामी आणि उजवीकडच्या सीरियाच्या साबात इस्लांबूली. तिघी एकाच कॉलेजच्या. यातल्या ओकामीबाई तोक्योच्या हॉस्पिटलात नोकरीला होत्या, पण बाईमाणसाकडून तपासून घ्यायला सम्राटांनी नकार दिला म्हणून त्यांनी राजीनामा दिला आणि राहत्या घरीच दवाखाना काढला. तिघींची नावं घालायला जागा नव्हती असं म्हणू नका, शेजारीच गुढीपाडव्याच्या सोन्याची अर्ध्या पानाची जाहिरात होती.

कळावे,

एक नियमित वाचक
(पूर्वी नारायण पेठ, सध्या कोथरूड), पुणे